जुनी सामुराई ऑफ-रोडसाठी तयार करतोय : यादीत काय ठेवू, काय वगळू?

रानवाट

नमस्कार मंडळी,

खूप वर्षं मनात होती ती गाडी अखेर दारात उभी आहे. १९८८ ची सुझुकी सामुराई, आखूड चासी, १.३ लिटरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, पाच गिअर, पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह. ज्यांना जिप्सी ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो, त्याच घराण्यातली, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फक्त २०३० मिमी. इंजिन पहिल्या सेलला लागतं, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सर्वांत हळू टप्पा) पडतो, चारही चाकं ओढतात. पुढच्या दोन्ही नकलमधून (चाक जिथे वळतं तो सांधा) काळपट पातळ तेल गळतंय. खालून गंज दिसतो, तो वरवरचा आहे असं मला वाटतंय.

वापर असा : दगडी चढ, ओढे, पावसाळी चिखल. दोघं माणसं, एखाद्या रात्रीचा मुक्काम. गाडी ट्रेलरवर लादून न्यायची नाही. तिने रस्त्यावरून स्वतः जायचं आणि स्वतः परत यायचं.

माझी यादी :
– पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अ‍ॅक्सलच्या वर घेऊन साधारण ५ इंचांची लिफ्ट (चासी-बॉडी उंच करणं)
– ३१ इंची टायर
– लोखंडी बंपर आणि विंच (दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारं यंत्र)
– टपावर कॅरिअर आणि तंबू
– स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी)
– मागचा डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटणारे गिअर) वेल्ड करून लॉक

सगळं एकदम जमणार नाही, टप्प्याटप्प्याने करेन. सुरुवात कुठून करू? यातलं काही चुकतंय का? मोकळेपणाने सांगा.

जुनाबोल्ट

अभिनंदन! यादी सध्या बाजूला ठेवा आणि एक हातोडी, एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा. जॅकवर विसंबून नाही, चारही बाजूंना पक्के स्टँड लावून.

चासी शिडीसारखी असते, दोन लांब पेटीवजा तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. गंज या पेट्यांच्या आतून सुरू होतो. चिखल आत शिरतो, ओल धरून बसतो, आणि बाहेर दिसेपर्यंत पत्रा कागदासारखा झालेला असतो. म्हणून 'वरवरचा आहे' हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. हातोडीने हलके ठोकत जा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. बद्द आला की तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. काळ्या अंडरकोटचा जाड थर असेल तर तिथे जास्त वेळ द्या, त्याच्याखाली बरंच काही लपतं.

न चुकता तपासायच्या जागा : पाट्यांच्या शॅकलचे हँगर (पाट्याचं टोक चासीला टांगणारे), बॉडी माउंट, मागची आडवी पट्टी, आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बोल्टने बसतो तो भाग. या शेवटच्या जागी बारीक भेगा पडतात. मोठे टायर लावून दगडात स्टिअरिंग फिरवलं की सगळा जोर तिथेच येतो. वायरब्रशने धातू उघडा करा आणि उजेड तिरका धरून बघा.

तुमचं नकलमधलं तेल : अ‍ॅक्सलच्या आतलं ऑइल सील गेलंय. गिअर ऑइल नकलमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस पातळ होतं आणि तेच बाहेर गळतं. म्हणजे सीव्ही जॉइंटला (वळलेल्या चाकालाही जोर पोचवणारा सांधा) आता नीट ग्रीस मिळत नाहीये. शिवाय किंगपिनचे (ज्या खिळीवर नकल वळतं ती) बेअरिंगही बघा. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, ढिलेपणा लागला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन यांपैकी काहीतरी झिजलंय. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. तरी हललं तर किंगपिन.

लिफ्ट आणि टायर लावले की आज जे थोडं ढिलं आहे ते उद्या तुटतं. मी हे पहिल्या गाडीवर शिकलो. आधी टायर घेतले, सील नंतर बघू म्हटलं, आणि पुढचा जॉइंट एका चढाच्या मधोमध फुटला. तिथून गाडी काढायला दुसरा दिवस उजाडला.

ग्रीसगन

जुनाबोल्टशी शंभर टक्के सहमत. मी फक्त टायरबद्दल बोलतो, कारण ३१ इंची टायर म्हटलं की सगळे उंची बघतात, गिअर कुणी बघत नाही.

तुमच्या गाडीचा पहिला गिअर ३.६५, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटी) लो २.२७, डिफरन्शियल ३.७३. तिन्हींचा गुणाकार साधारण ३१. म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या ३१ फेऱ्या. मूळचा २०५/७०आर१५ टायर ६६८ मिमी व्यासाचा. आयडलला ८०० आरपीएम धरले तर फोर-लोच्या पहिल्या गिअरला गाडी ताशी सव्वातीन किमीने सरकते. ३१ इंची टायरचा व्यास ७८७ मिमी, म्हणजे सुमारे १८ टक्के जास्त. तीच गाडी आता आयडलला ताशी जवळजवळ ३.८ किमीने सरकणार, आणि चाकावरचा जोर त्याच प्रमाणात कमी होणार. इंजिन १.३ लिटरचं, खाली ताकद नाही. मग माणूस क्लच अर्धा धरून दगड चढवतो आणि दोन-चार फेऱ्यांत क्लच जळतो. रस्त्यावर पाचवा गिअर नावापुरता उरतो, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ७० ला असते.

या गाडीचा मोठा गुण असा की ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसते, मध्ये छोटा शाफ्ट. त्यामुळे गिअरबॉक्स न उतरवता ती काढून आतले गिअर बदलता येतात. लो ४.१६ वाला संच टाकलात तर गुणाकार ५६-५७ वर जातो. ३१ इंची टायर असूनही आयडलला ताशी २ किमीच्या जरा वर. पाय क्लचवरून पूर्ण बाजूला, गाडी चालत्या माणसापेक्षा हळू चढते. मी स्वतः हा बदल केल्यावर मला पहिल्यांदा खाली दगड बघायला वेळ मिळाला. एवढं लो आलं की ट्रान्सफर केसचे माउंट आणि तिला चासीला धरणारे हात मात्र मजबूत करावे लागतात, मूळचे हात या जोराला तुटतात.

म्हणून माझा क्रम : आधी गिअर, मग टायर. गिअर जमत नसतील तर टायर २३५/७५आर१५ च्या पुढे नेऊ नका. त्याचा व्यास ७३३ मिमी, वाढ दहा टक्क्यांच्या आत राहते.

नकाशावेडी

वाचनखूण साठवली. :) ग्रीसगनदादा, हे आकडे कुणी इतके सोपे करून सांगितले नव्हते.

रानवाट, तुमच्या यादीत मला एकच गोष्ट सगळीकडे दिसते, ती म्हणजे वजन. तुमची गाडी रिकामी साधारण साडेनऊशे किलोची आहे. मोठ्या एसयूव्ही याच्या दुप्पट आणि त्याहून जास्त असतात. जिथे त्या चिखलात बसतात तिथून ही निघून जाते, ती इंजिनाच्या जोरावर नाही, तर हलकी आहे म्हणून. ब्रेक, क्लच, जॉइंट, पाटे, सगळं सुझुकीने याच वजनाला धरून बनवलंय.

आता बेरीज करा. लोखंडी बंपर आणि विंच मिळून ७०-८० किलो, तेही पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे. मागचा बंपर आणि त्यावर मोठी स्टेपनी, आणखी ५०. कॅरिअर आणि तंबू, ८०. प्रत्येक ३१ इंची टायर मूळच्यापेक्षा आठ-दहा किलोने जड, आणि हे वजन पाट्यांच्या खाली, उसळणाऱ्या भागात. दोन माणसं, पाणी, हत्यारं, इंधन अजून मोजलीच नाहीत. गाडीच्या प्लेटवर कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. ते बघा आणि तुमची बेरीज त्याच्यासमोर ठेवा.

आमच्या गाडीचं (तीही छोटीच, पाट्यांवरचीच) मी एक पान ठेवते. काहीही बसवायच्या आधी त्याचं वजन लिहायचं, आणि कुठे बसतंय तेही. तीन वर्षांत त्या पानामुळे आम्ही जितक्या वस्तू लावल्या त्याहून जास्त नाकारल्या. वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलून मिळतो. सुरुवातीला एकदा तोलून घ्याच.

टपावरचा तंबू मी पहिल्यांदा काढून टाकेन. जमिनीवरचा तंबू पाच किलोंचा येतो आणि खाली, सीटमागे बसतो.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. हातोडी घेऊन उद्या खाली जातोय.

पण लिफ्टबद्दल एक शंका आहे. लिफ्टशिवाय पोट दगडाला घासणार नाही का? टायर मोठे नाहीत, लिफ्ट नाही, मग उरलं काय?

चिखलवाट

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. दोन उंच्या वेगळ्या आहेत. अ‍ॅक्सलची घागर (डिफरन्शियलचा गोळा) जमिनीपासून किती वर, हे फक्त टायरच ठरवतो. टायरचा व्यास वाढला त्याच्या निम्मी उंची तिथे मिळते. ६६८ वरून ७३३ गेलात तर ३३ मिमी. लिफ्टने घागर एक मिमीही वर येत नाही, फक्त चासी आणि बॉडी वर जाते. पोट वर गेल्याने कंगोऱ्यावर अडकणं कमी होतं हे खरं, पण २०३० मिमीच्या गाडीचं पोट तसंही कमी अडकतं. आखूडपणाचा हाच फायदा.

आता लिफ्टची किंमत बघा. तुमच्या गाडीचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, साधारण १३०० मिमी. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिमीवर आहे. कागदावर ती गाडी ४५ अंशाला कलंडेल. तोच १०० मिमी वर नेला की ४१ अंश. आणि हे कागदावरचं. खऱ्या उतारावर खालच्या बाजूचे पाटे दबतात, टायर दबतो, एखादं चाक दगडावर चढतं, आणि कलंडायचा कोन याच्या बराच अलीकडे येतो. मी आडव्या उतारावर गाडी कलंडलेली आतून अनुभवली आहे. वेग चालण्याइतकाही नव्हता. वरचं चाक एका मुळावर चढलं, तेवढंच. पट्टे लावलेले होते म्हणून दोघंही धड बाहेर आलो. त्या गाडीवर लिफ्ट होती आणि टपावर भरलेलं कॅरिअर होतं.

त्यानंतर मी उंचीऐवजी चाकं खाली किती जातात ते बघायला लागलो. मऊ, लांब पाटे, योग्य लांबीचे शॉकअप, झिजलेल्यांच्या जागी नवे बुश. चाक जमिनीला धरून राहिलं की गाडी चढते.

अर्धाक्लच

थोडा वेगळा सूर लावतो. माझ्या सामुराईचे पाटे अ‍ॅक्सलच्या वर आहेत, सहा वर्षं झाली, आणि मला ते आवडतात. मूळ गाडीत पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जातात. त्यामुळे यू-बोल्टच्या प्लेटा दगडावर नांगरासारख्या अडतात. पाटे वर घेतले की खालचा भाग साफ होतो, आणि मूळचे मऊ पाटे तसेच राहतात. म्हणजे यातून नुसती उंची मिळते असं नाही.

पण रानवाट, हे करायचं तर पूर्ण करायचं. स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरका होतो, खड्ड्यात चाक उचललं की स्टिअरिंग आपोआप वळतं. त्यासाठी वरून जाणारी स्टिअरिंग रचना लागते. ब्रेकचे होज लांब लागतात. प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, म्हणून अ‍ॅक्सलवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड करताना पिनियनचा कोन मोजून घ्यावा लागतो. पुढे कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) सांभाळावा लागतो, नाहीतर रस्त्यावर गाडी सरळ धरत नाही. जोर दिला की पाटे एस आकारात पिळतात, त्याला आवरायला ट्रॅक्शन बार लागतो. यातलं एक जरी 'नंतर बघू' म्हणून सोडलं तर ती गाडी रस्त्यावर धोक्याची. तुम्हाला रस्त्यावरून जाऊन यायचंय, म्हणून पहिल्या वर्षी मी हे सुचवणार नाही. दोन इंचांचे चांगले पाटे आणि २३५ चे टायर यावर गाडी आधी ओळखून घ्या.

वेल्ड केलेला डिफरन्शियलही यादीतून काढा. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही जवळजवळ काहीच मिळत नाही, म्हणून लॉक हवा हे बरोबर. पण वेल्ड केल्यावर डांबरी वळणावर आतलं-बाहेरचं चाक वेगळ्या गतीने फिरू शकत नाही. टायर घासतात, हाफ शाफ्टवर ताण येतो, ओल्या रस्त्यावर मागचा भाग सुटतो. हवा तेव्हा लागणारा आणि सुटणारा लॉकर घ्या, थोडा उशिरा घेतलात तरी चालेल. तोवर हवेचा दाब कमी करायला शिका. तुमच्या हलक्या गाडीला दगडात १५-१६ पीएसआय, वाळूत १२ पर्यंत. टायरचा ठसा लांबतो, दगडाला मिठी मारतो. वेग कमी ठेवायचा, झटका देऊन वळायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून उतरतो. डांबरी रस्ता लागायच्या आधी परत हवा भरायची. एक छोटा कंप्रेसर आणि भरवशाचं गेज, एवढ्यात गाडी जी बदलते ती बघून तुम्हाला नवल वाटेल.

चिखलवाट

अर्धाक्लच, यू-बोल्टच्या प्लेटांचा मुद्दा मान्य. तो मी धरला नव्हता.

नकाशावेडी

विंचबद्दल राहिलं होतं. भरलेल्या गाडीच्या दीडपट ओढ, हा सर्वसाधारण हिशोब. १३०० किलो धरले तर दोन टनांच्या आसपासचा विंच पुरतो. मोठ्या गाड्यांचा चार-साडेचार टनांचा इथे नको. सिंथेटिक दोर घ्या. वायररोपपेक्षा बराच हलका, आणि तुटला तर त्याच्यात साठलेली ऊर्जा कमी असते. मात्र उन्हाने आणि दगडावर घासून तो खराब होतो, म्हणून कव्हर आणि दर वेळी नजर. विंच पूर्ण ओढीला शेकडो अँपिअर खातो, बॅटरी आणि अल्टरनेटर धड हवेत, ओढताना इंजिन चालू हवं. रुतलेली गाडी नुसत्या वजनाहून जड लागते. तेव्हा पुली लावून दोर दुहेरी घ्यायचा, ओढ जवळजवळ दुप्पट होते.

आणि हे ठळक लिहिते : टो-बॉलला दोर अडकवून रुतलेली गाडी झटक्याने ओढायची नाही. कधीच नाही. तो गोळा ट्रेलर ओढायला असतो. झटक्यात तुटला तर गोळीसारखा काचेतून आत येतो. यात माणसं गेली आहेत. चासीला बोल्टने बसवलेले, ताकद लिहिलेले रिकव्हरी पॉइंट पुढे-मागे, हे माझ्या यादीत विंचच्या आधी येतात. ओढताना बाकी सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या पलीकडे उभं राहायचं.

जुनाबोल्ट

स्नॉर्केल. ओढे आहेत म्हणालात म्हणून सांगतो. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन तिथेच संपतं. स्नॉर्केल यासाठी चांगला, पण एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक सांधा घट्ट असेल तरच. आणि तुमच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर आहे, तो त्याआधीच ओला होऊन बंद पडेल.

त्याहून आधी करायचं ते ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची छिद्रं). चालून गरम झालेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे ब्रीदर रबरी नळ्यांनी बोनेटखाली वर आणा. एका दुपारचं काम. पाण्यातून आल्यावर खालचा तेलाचा प्लग किंचित सैल करून तेल बघा, दुधी रंग दिसला की बदला. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत, पाण्यातून निघाल्यावर हलका ब्रेक धरून थोडं चालवून ते वाळवा.

कार्ब्युरेटर तीव्र चढावर त्रास देतो, फ्लोट तिरका होऊन इंधन तुटतं नाहीतर तुंबतं. सध्या फ्लोटची पातळी नीट लावा. पुढे इंजेक्शनचा विचार करा.

रानवाट

चार दिवसांनी परत आलो. सगळं जसंच्या तसं सांगतो.

मागच्या डाव्या शॅकल हँगरपाशी स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. दोन बोटं जातील एवढं भोक, वर अंडरकोटचा सुबक थर. स्टिअरिंग बॉक्सपाशी भेग नाही, दोनदा बघितलं. उजव्या नकलमध्ये ब्रेक दाबूनही ढिलेपणा आहे, म्हणजे किंगपिन. मागचे ब्रेक होज वाकवले की भेगा उघडतात.

त्या भोकाकडे बघून वाईट वाटलं. पण यादी घेऊन थेट लिफ्ट करायला गेलो असतो तर ते भोक त्याच हँगरवर आणखी ताण देऊन सापडलं असतं, कुठेतरी उतारावर.

गाडी काट्यावर नेली. पुढे ५३५, मागे ४३०, मिळून ९६५ किलो, टाकी निम्मी. वहीचं पान आजपासून सुरू.

नवा क्रम असा : चासीची दुरुस्ती, दोन्ही नकल, सगळे ब्रेक होज आणि नवं ब्रेक ऑइल, रेडिएटर साफ, ब्रीदर. मग रिकव्हरी पॉइंट, कंप्रेसर, २३५ चे टायर. मग सहा महिने नुसतं चालवायचं. त्यानंतर ट्रान्सफर केसचे गिअर, आणि लॉकर. विंच त्यानंतर. टपावरचं सगळं रद्द. लिफ्ट आणि बदलाची नोंदणी, विमा यांची चौकशी त्या सहा महिन्यांत करून ठेवतो.

वेल्डिंग अनुभवी माणसाकडून करून घेणार आहे. त्याला काय सांगू? आणि नकल मी स्वतः उघडणार आहे, काय जपू?

जुनाबोल्ट

क्रम उत्तम. वेल्डिंगसाठी : बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंधनाची टाकी उतरवा, जवळच्या इंधन आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला करा. कुजलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत कापायचा, गंजावर पट्टी ठोकायची नाही. पट्टीच्या कडा तुळईला काटकोनात उभ्या नकोत. उभ्या वेल्डवर चासी वाकताना बरोबर तिथेच भेग पडते. टोकं निमुळती, शंकरपाळ्यासारखी कापून घ्या, म्हणजे ताण पसरतो. काम झाल्यावर पेटीच्या आत मेण फवारा, आणि पाणी निथळायची मूळ भोकं मोकळी ठेवा. ती बुजलेली होती म्हणूनच बहुधा तिथे गंज धरला.

ग्रीसगन

नकलचं मी सांगतो. किंगपिनच्या खाली-वर पातळ शिम (जाडी जुळवायच्या चकत्या) असतात. डावे-उजवे, वरचे-खालचे वेगळे ठेवा, चार डब्यांत, नावं लिहून. नवे बेअरिंग बसवल्यावर नकल फिरवायला किती जोर लागतो ते स्प्रिंगच्या काट्याने मोजतात, मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळेपर्यंत शिम कमी-जास्त करायचे. हे सगळं सील बसवायच्या आधी. सील आधी लावलंत तर त्याचाच अडथळा मोजला जाईल. अ‍ॅक्सलच्या टोकाचा गोळा बारीक सँडपेपरने गुळगुळीत करा, खड्डे राहिले तर बाहेरचं नवं सीलही महिन्याभरात गळेल.

पहिली बाजू उघडलीत की फोटो टाका. शनिवारी मी मोकळा आहे, अडलात तर लगेच लिहा.

रानवाट

डब्यांवर नावं लिहून झाली. शनिवारी सकाळी उजवी बाजू उघडतोय.